चेटकिणींची वही

निवृत्तीच्या दिवशी सत्कार आटोपल्यावर आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीतले एक सदस्य मला म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं बालविभाग सांभाळलात. पण खरं सांगा, त्यात काम असं काय असतं हो? पोरं येतात, पुस्तक घेतात, जातात." हातात शाल आणि श्रीफळ असताना वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून मी नुसती हसले. उत्तर आता लिहिते आहे.

पनवेलच्या एसटी स्टँडपासून आमचं वाचनालय चालत दहा मिनिटांवर. तळमजल्यावर वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ नागरिक, वर मोठ्यांची देवघेव, आणि पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे त्या मागच्या खोलीत बालविभाग. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याची नोंद करायची, क्रमांक द्यायचा, पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारायचा, प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं. एवढं कोणालाही जमतं. खरं काम पुढे असतं. तिसरीतली मुलगी जाड पुस्तकाला हात लावते आणि परत ठेवते, ती आणखी किती आठवड्यांनी ते उचलेल याचा अंदाज ठेवायचा. "वाचलं" म्हणून परत आलेल्या पुस्तकाची शेवटची पन्नास पानं कोरी करकरीत आहेत, हे दिसलं तरी बोलायचं नाही. आणि ज्याच्या पानांवर खोबरेल तेलाची बोटं उमटली आहेत, त्याची दुसरी प्रत मागवण्यासाठी कार्यवाहांच्या मागे लागायचं.

माझ्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत तेलाची बोटं सगळ्यात जास्त उमटली ती चेटकिणींच्या पुस्तकांवर. म्हातारी, नाकावर चामखीळ असलेली चेटकीण आता कोणाला नको असते. मुलींना हव्या असतात त्यांच्याच वयाच्या चेटकिणी. शाळेत जाणाऱ्या, गणितात नापास होणाऱ्या, आणि एक दिवस आपल्या हातात काहीतरी आलंय हे कळल्यावर घाबरण्याआधी खूश होणाऱ्या. अशी पुस्तकं मी स्वतः वाचून काढली, कारण त्यांच्यावर तक्रारी यायच्या. एक वडील येऊन म्हणाले, "आम्ही अंधश्रद्धेविरुद्ध काम करतो आणि तुम्ही मुलांना चेटूक वाचायला देता?" त्याच आठवड्यात एक आजी आल्या. त्यांचं म्हणणं उलट, की चेटूक खरं असतं, म्हणून त्याचं नाव घरात नको. दोघांनाही मी एकच पुस्तक दिलं आणि चाळीस पानं वाचून या म्हटलं. आजींनी दुसऱ्याच दिवशी न उघडता परत केलं. वडिलांनी दोनदा मुदत वाढवून घेतली.

वाचता वाचता माझ्या एक लक्षात आलं. या पुस्तकांच्या पहिल्या अर्ध्या भागात मुलीला ताकद मिळते, दुसऱ्या अर्ध्यात तिला त्या ताकदीची भीती वाटू लागते. चांगल्या लेखकाचा जीव दुसऱ्या भागात असतो. मुलांना पाठ असतो पहिला.

अल्फियाला दोन्ही पाठ होते. ती सहावीत होती. वडील कुवेतला, आजोबांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. शनिवारी-रविवारी आई नसरीन तिला सकाळी सोडून जायची. मुलगी हडकुळी, बोलण्यात चलाख, आणि वाचनाचा वेग असा की मला संशय यायचा. म्हणून एकदा मधलं काहीतरी विचारलं, तर तिने मला पानाच्या कुठल्या बाजूला ते आहे तेही सांगितलं. वर्षभरात कपाटातल्या सगळ्या चेटकिणी संपल्या. मग दर शनिवारी टेबलासमोर उभी. "मॅडम, चेटकिणीचं नवीन आलं?"

"नाही ग."

"कधी येणार?"

एका शनिवारी, खरं सांगायचं तर तिला टाळायला म्हणून, मी कपाटातली दोनशे पानी कोरी वही काढली आणि म्हटलं, "नवीन येत नाही तोवर तूच लिही."

पुढच्या शनिवारी तिने वीस पानं आणली. नाव, 'कर्नाळ्याच्या तीन चेटकिणी'. किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आहे ना, त्याच्या पोटात तीन मुली राहतात. अभयारण्यातले पक्षी त्यांना बातम्या आणून देतात. सगळ्यात मोठी झारा, बारा वर्षांची. आणि त्यांच्या जादूचा एक नियम होता, जो वाचून मी चष्मा काढून पुसला. प्रत्येक जादूला चेटकिणीचा एक शब्द खर्च होतो. तो शब्द ती कायमचा विसरते. म्हणून लहान बहिणी जपून जादू करतात आणि झारा मात्र म्हणते, आपल्याला शब्द पुष्कळ आहेत.

मी सव्वीस वर्षं मुलांची पुस्तकं हाताळली होती. इतकी चांगली कल्पना छापील पुस्तकातही फार वेळा भेटली नव्हती. आनंदाच्या भरात मी नियमबाह्य काम केलं. वहीला कव्हर घातलं, शिक्का मारला, नोंदवहीत तिला दाखल क्रमांक दिला आणि बाकीच्या मुलांना एकेका दिवसासाठी ती देऊ लागले. दर शनिवारी अल्फिया नवं प्रकरण लिहून आणायची, मी आधी वाचायची, मग वही फिरायची. महिन्याभरात वहीसाठी नंबर लागले. कार्यवाह सामंत सर एकदा डोकावले, रांग बघितली आणि म्हणाले, "वर्धापनदिनाला ही वही काचेच्या पेटीत ठेवू या. वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलावू." मी घरी जाताना जरा ताठ चालले असेन.

मग वहीत ओळखीची माणसं यायला लागली. शिकवणीच्या सरांचा कावळा झाला, सगळे हसले. वरच्या मजल्यावरचे शिपाईकाका कासव झाले, ते स्वतःही हसले. मुलांना कळलं की अल्फियाच्या हातात आपलं काहीही होऊ शकतं. ती आली की खिडकीजवळची जागा रिकामी होऊ लागली. कोणी तिखटमीठ लावलेला पेरू आणायचं, कोणी नवं पेन. "मला पुढच्या वेळी घे ना, चांगली चेटकीण कर." वहीच्या शेवटच्या पानावर तिने दोन रकाने आखले होते, 'आत' आणि 'बाहेर'. खाली नावं. मी ते पान पाहिलं होतं. पोरखेळ आहे म्हणून सोडून दिलं. आणखी एक गोष्ट मला दिसायला हवी होती. गेली चार प्रकरणं झारा धडाधड जादू करत होती आणि तिचा एकही शब्द जात नव्हता.

मानसी याच सुमाराची. तीही सहावीतच, पण दुसऱ्या शाळेत. कुटुंब मूळचं समुद्रकाठच्या करंजाचं, कोळी. आई, हिराबाई, पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि तेवढा वेळ मुलीला आमच्याकडे बसवायची. मानसी हळू वाचायची, ओळीखाली बोट धरून. दोन वर्षं चित्रांच्या पुस्तकांवर काढली होती तिने. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा जाड पुस्तक घेतलं होतं आणि मी तिच्या नकळत मोजत होते, ती कितव्या पानावर आहे.

एका शनिवारी अल्फिया नवं प्रकरण सगळ्यांना वाचून दाखवत होती. झारा गाढी नदीत जाळं टाकते आणि जादूने मोठमोठी पापलेटं वर काढते. मानसी मागून म्हणाली, "गाढी नदीत पापलेट नसतं."

"जादू आहे ती," अल्फिया म्हणाली.

"जादू हाय तर मग जालं कशाला टाकलं?"

खोलीत जोराचा हशा. मलाही हसू आलं. इतकी नेमकी समीक्षा मी परिसंवादांतही ऐकलेली नाही. अल्फियाचे कान लाल झाले. तिने वही मिटली.

पुढच्या शनिवारच्या प्रकरणात सुळक्यात एक चौथी मुलगी राहायला येते. तिचं नाव मान्सी. ती जिथे जाते तिथे मासळीचा वास पसरतो. पक्षी तिच्या खांद्यावर बसत नाहीत. बाकीच्या चेटकिणी नाकाला पदर लावून सभा घेतात, हात वर करून मत देतात आणि तिला सुळक्यावरून खाली पाठवतात. प्रकरण फार छान लिहिलं होतं. पक्षी एकेक करून उडून जातात ते वर्णन तर मी दोनदा वाचलं. नाव माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण आलं होतं. सभेच्या जागी मी हसलेही होते. समोर अल्फिया उभी होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी वहीवर तारीख टाकली आणि पुढच्या मुलाला दिली.

दोन आठवड्यांत खोलीतली मुलं मानसी आली की नाक धरायला शिकली. मी टेबलावरून ओरडायची, ती हात खाली घ्यायची, मी मान वळवली की पुन्हा. तिसऱ्या शनिवारी मानसी आली नाही. चौथ्या शनिवारी तिची आई आली.

हिराबाई दाराबाहेरच थांबली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीची दोन पुस्तकं आणि सभासद कार्ड. मी म्हटलं, "आत या ना."

"नको बाई. बाजारातनं आलेय, कपरे तशेच हायेत." मग पिशवी पुढे करून म्हणाली, "येक इचारू? माजे पोरीला वास येतो का?"

"नाही हो, काहीतरीच काय."

"ती रोज दोनदा आंगोल करते. साबन संपवते. काल माजे हातचं जेवली नाय. बोलते, वहीत लिवलंय. मना वाचता येत नाय. तुमी वाचून दाखवा."

मी टाळायला बघितलं. ती हलली नाही. मग मी दारात उभी राहून ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. त्या शनिवारी दोनदा आवडीने वाचलेली वाक्यं माझ्याच तोंडून कशी ऐकू येत होती, ते मी लिहू शकणार नाही. तिने शेवटापर्यंत ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाली, "चांगलं लिवलंय. पोरगी हुशार हाय." आणि मग, "पन चुकीचं हाय. वास माजा हाय, तिचा नाय. लिवायचं व्हतं तर माजं नाव लिवायचं. मी काय लाजत नाय."

पुस्तकं माझ्या हातात ठेवून ती निघून गेली.

शहाण्या बाईने यानंतर दोन दिवस विचार केला असता. मी दुसऱ्याच दिवशी, रविवारी, भरल्या खोलीत अल्फियाकडून वही घेतली, लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि सगळ्यांसमोर तिला सुनावलं. कोणाच्या जातीधंद्यावर लिहिणं म्हणजे काय, तुला लाज कशी वाटली नाही, वगैरे. ती रडली नाही. मुलं मात्र तत्काळ फिरली. ज्यांनी पेरू आणून दिले होते तीच म्हणायला लागली, आम्हाला तर आधीपासून आवडत नव्हतं. पुढच्या शनिवारी अल्फियाही आली नाही. म्हणजे माझ्या खोलीतली सगळ्यात जास्त वाचणारी आणि सगळ्यात कष्टाने वाचणारी, अशा दोन मुली मी महिन्याभरात घालवल्या.

तीन आठवडे वाट पाहून मी तिच्या घरी गेले. नसरीनने पाणी आणलं, खुर्ची दिली. मग दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्या मुलीची चूक झाली, मी नाही म्हणत नाही. मी तिला खूप बोलले. पण सगळ्यांच्या समोर तिची इज्जत घेतली तुम्ही. तिने पेन हातात धरलं नाही तेव्हापासून."

अल्फिया आतल्या खोलीतून आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आधी वाचलं होतं."

"हो."

"तुम्ही हसला होतात."

तिच्या आईने "अल्फिया!" म्हणून दटावलं. मी म्हटलं, "राहू दे, ती खरं बोलतेय." मुलांसमोर चूक कबूल करायची सवय आमच्या पिढीला नाही. शब्द जुळवायला मला वेळ लागला. मी म्हटलं, "मी वाचलं, मला कळलं, आणि तरी मी वही पुढे दिली. वही काचेच्या पेटीत जाणार होती ना, मला ते हवं होतं. तुझ्याइतकीच माझीही चूक आहे. आणि मी मोठी आहे, म्हणजे जास्त." पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने ते प्रकरण उघडलं. "पान फाडू?"

"फाडू नकोस. शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की पलीकडच्या बाजूचं त्याच्या जोडीचं पान सुटतं. तिथे काय लिहिलं आहेस बघ."

तिने बघितलं. झारा पहिल्यांदा शब्द विसरते ते पान होतं. तिचं सगळ्यात चांगलं पान.

"मग काय करू?"

"मला माहीत नाही. ते मानसीला विचारायला लागेल."

पुढच्या रविवारी नसरीन, अल्फिया आणि मी मासळी बाजारात गेलो. हिराबाईच्या पाटीमागे मानसी बसली होती, सुकट निवडत. आईने आम्हाला पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मुद्दाम गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. अल्फिया पाटीसमोर उभी राहिली. इतकी बोलणारी मुलगी, पण तोंडातून आवाज फुटेना. नसरीनने पाठीवर हात ठेवला तरी नाही. शेवटी मानसीनेच मान वर केली.

"मना चेटकीण नाय व्हायचं."

"बरं."

"नाव काढ माझं."

"काढते."

"आनि पापलेट पन काढ. तिथे पापलेट नसतंच."

"काढते," अल्फिया म्हणाली.

यापलीकडे काही झालं नाही. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. येताना हिराबाईने नसरीनला बोंबील घ्यायचा आग्रह केला, नसरीनने ते निवडून घेतले आणि दोघी भावावरून मनापासून भांडल्या.

अल्फियाने नाव आणि पापलेटं दोन्ही इतकी नीट खोडली की उजेडाला धरलं तरी वाचता येत नव्हतं. मग तिने आणखी एक प्रकरण लिहिलं, तीनच पानांचं. झारा सुळक्यावरून खाली उतरते. तिला एका मुलीची माफी मागायची आहे. पण इतक्या जादू करून झाल्या आहेत की नेमका तोच शब्द कधी खर्च झाला, हे तिलाच कळलेलं नाही. ती त्या मुलीसमोर उभी राहते आणि शब्द शोधते. तिथे प्रकरण संपतं. मुलांनी विचारलं, पुढे काय? अल्फिया म्हणाली, "मला माहीत नाही." आठवडाभराने कोणी विचारेनासं झालं.

वही वर्धापनदिनाला ठेवली नाही. सामंत सर नाराज झाले, मी कारण सांगितलं, तेव्हा म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" नोंदवहीतून पुस्तक कमी करताना शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. फाटले, हरवले, कालबाह्य, असे ठरलेले शब्द आहेत. त्यातला एकही लागू नव्हता. मी 'लेखिकेस परत' असं लिहिलं. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

मानसी दोन महिन्यांनी परत आली. ते जाड पुस्तक तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं आणि पुरं केलं. दोघी एका टेबलाशी मात्र पुन्हा कधी बसल्या नाहीत. पुढे तिचं कुटुंब आजोबांकडे करंजाला राहायला गेलं. तिने अल्फियाला माफ केलं का, मला माहीत नाही. मला केलं का, हेही मी कधी विचारलं नाही. ती शेवटचं पुस्तक परत द्यायला आली तेव्हा विचारायचं मनात होतं. समोर तीन मुलं रांगेत होती, मी कार्डावर सही केली आणि "अभ्यास कर हो" एवढंच म्हटलं. नोकरीतल्या चुका पुष्कळ विसरले, ही सही आठवते.

अल्फिया आता दहावीला आहे. त्या तीन पानांनंतर तिचं लिहिणं थांबलं असं मी धरून चालले होते. गेल्या मे महिन्यात वाचनालयाच्या सुट्टीतल्या शिबिराला मला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा मागच्या खोलीत ती दहा-बारा लहान मुलांना घेऊन बसलेली दिसली. सगळे मिळून एक गोष्ट रचत होते, ती फळ्यावर लिहून घेत होती. मी दाराशी थांबले. पहिलीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "ताई, आता चेटकीण रिद्धीला बेडूक करते."

"कोण रिद्धी?"

"माझी मोठी बहीण. ती मला खूप त्रास देते."

मुलं हसायला लागली. अल्फिया हसली नाही. खडू तसाच हातात धरून तिने विचारलं, "ती इथे आहे?"

मागच्या रांगेतली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तोंड पाडून बसली होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"रिद्धी," अल्फिया म्हणाली, "तुला चालेल का? नाही म्हणालीस तर नाही लिहिणार."

रिद्धीने बहिणीकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण मला उडता आलं पाहिजे. आणि मी हिरवी नको."

"कुठला रंग?"

"जांभळा."

अल्फिया फळ्याकडे वळली आणि तिने ते तसंच लिहून घेतलं.